नव्या घराआधी शिरगाव

काका, तुमचा नितीन परवा घरी येऊन गेला. त्याआधीचे दिवस मी कसे काढले ते तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, उगाच घाबरलीस. तुम्हीही तेच म्हणाल कदाचित, पण निदान सगळं ऐकून घेऊन म्हणाल.

तुमचं दिवसकार्य सफाळ्याला, गावच्या घरी झालं. सगळं नितीनने केलं. तुमच्या भावकीतल्या एका बाईने आईला म्हटलं, "तुमी मागं बसा, पुढं घरची मानसं बसतील." आई मागे जाऊन बसली. नितीनने ते ऐकलं होतं, कारण तो दोन हातांच्या अंतरावरच उभा होता. तो काहीच बोलला नाही. ते माझ्या डोक्यात राहिलं. आणि मग मंगळवारी, मी कंपनीतून सुटून बोईसरच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत होते, तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, शनिवारी पालघरला येतो. घराचं बोलून घेऊ." एवढंच. पुढे मी काही विचारायच्या आत ठेवलाही.

घराचं म्हणजे काय, ते मला वाटलं मला कळलं. मी घरी न जाता तशीच पालघरला आले. आई तांदूळ निवडत बसली होती.

"कपडे भरून ठेव," मी म्हटलं. "कुणी जा म्हणायच्या आत आपण निघू. बोईसरला माझ्याकडे चल."

"कुणी म्हटलंय का जा?"

"म्हणेल."

"मग म्हणू दे की. तेव्हा बघू." आणि परत तांदळात बोटं.

मी माळ्यावरची बॅग काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी आले तर बॅग परत माळ्यावर. मी परत काढली. आम्ही मायलेकी त्या बॅगेवरून एकमेकींशी चकार शब्द न बोलता भांडत होतो आणि मला सारखं वाटत होतं, आत्ता काका असते तर मध्ये पडले असते आणि दोघींच्या शिव्या खाल्ल्या असत्या.

गेल्या वर्षी थंडीतही अशीच बांधाबांध चालू होती, आठवतंय? बोईसरजवळ पामच्या त्या भाड्याच्या खोलीत आई बाबांच्या मागे एकटी राहिली, ब्लाउज शिवून. तुम्ही सफाळ्याहून तिचं मशीन दुरुस्त करायला यायचात. ते मशीन इतकं का बिघडतं, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्याशी लग्न करतेय असं तिने सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "आई, तुला नात आहे." ती म्हणाली, "मग? तिला आजोबा नाहीत." लग्नाच्या नोंदणीच्या दिवशी मी आले, पण ओठ आवळून उभी राहिले. नितीन आलाच नाही.

सफाळ्याच्या घरात नितीनच्या आईचं सगळं जिथल्या तिथे होतं. तिथे आईला पाहुण्यासारखं वाटेल म्हणून तुम्ही तुमच्या दुकानाचा गाळा विकून पालघरला हे घर घेतलंत आणि गावच्या घराची किल्ली नितीनच्या हातात दिलीत. बोईसर आणि सफाळ्याच्या बरोबर मध्ये, म्हणजे कुणालाच लांब नको, असं तुमचं म्हणणं. मला तेव्हा ते म्हणणं हुशारीचं वाटलं आणि हुशार माणसांची मला भीती वाटते.

त्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये बसून तुम्ही तो बेत काढलात.

"शुक्रवारी दोनीकडचा टेंपो पालघरला खाली करू. रंगवाला आनि ग्रिलवाला सोमवारपर्यंत आटपतील. तवर दोन दिवस आपन शिरगावला जाऊ. सगळे. तुमी, तुमचे महेशराव, तुमची ईरा, नितीन."

मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. हातातला डबा खाली आपटला. "सामान उघड्यावर टाकून समुद्रावर फिरायला? गॅसचा पत्ता बदलायचाय. आईचं मशीन कुठे ठेवायचं ते ठरलं नाही. कोण जातं असं?"

"कोनी जात नाय. मला ठाव हाय."

"मग?"

तुम्ही सुतळीचं टोक दातात धरून गाठ मारलीत आणि मग म्हणालात, "सोमवारी मी त्या घरात राहायला जानार. तुमी पयल्यांदा येनार, तवा पानी कोन कोनाला देनार? मी तुमाला, का तुमी मला? ते मला तिथं गेल्यावर नाय शिकायचं."

"पाणी मी माझं घेईन," मी म्हटलं.

मी आपटलेला डबा आईने उचलला आणि नीट गुंडाळला.

तुम्ही फोनवर ग्रुप काढलात. नाव नुसतं 'शिरगाव'. नितीन लगेच बाहेर पडला. तुम्ही त्याला परत घेतलंत, तो परत गेला. तिसऱ्यांदा कसं घ्यायचं ते महेशला विचारायला लागलात, तेव्हा महेश म्हणाला, "काका, राहू द्या आता." तुम्ही म्हणालात, "तो निघतो तर निघू दे. पन मी काडला असं नको व्हायला." महेशने मला ते घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, नाटकी आहेत. तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून आता सांगते.

शुक्रवारी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. रंगवाल्याने हॉलला हातच लावला नव्हता. दोन घरांचं सामान एका खोलीच्या मधोमध रचून त्यावर प्लॅस्टिक टाकलं. तुमचं लोखंडी कपाट जिन्यात अडकलं. टेंपोवाला हिंदीत ओरडत होता, तुम्ही मराठीत. आई एका खोक्यावर बसून सगळ्यांकडे अशी बघत होती, जणू ती हे कुणाचं तरी दुसऱ्याचं लग्न बघतेय. मला वाटलं, आता तरी हा बेत मोडेल. संध्याकाळी तुमचा ग्रुपवर निरोप: उद्या सकाळी पालघर स्टेशनाबाहेर रिक्षाजवळ. स्वेटर आणा.

शिरगावला सुरूच्या झाडांमागे, नारळाच्या वाडीत ती दोन खोल्यांची जागा तुम्ही दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली होतीत. मालकीणबाईंनी दुपारी ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. आई आमची गडहिंग्लजकडची, तिला माशाचे काटे काढता येत नाहीत. तुम्ही तिच्या ताटातल्या बोंबलाचा काटा काढून देत होतात. मी दुसरीकडे बघत होते. तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. हातात हेल्मेट घेऊन नितीन दारात.

तुम्ही असे उठलात की तांब्या कलंडला. "आलास! बस, बस. जेव."

"राहायला नाय आलो मी. एक विचारायचंय." तो उभाच राहिला. "आईचा फोटो गावच्या घरातून नेलात तुम्ही. कुठे लावणार?"

"नव्या घरात. हॉलमदी." आणि मग तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "अर्चनाच्या बाबांचा पन. शेजारी शेजारी. तसं मी ठरवलंय."

आईचा हात ताटातच थांबला. बाबांचा फोटो तिने खोली सोडताना माझ्याकडे दिला होता. म्हणाली होती, आता तो माझ्याकडे शोभायचा नाही. तुम्ही ठरवलंय हे तिलाही माहीत नव्हतं, काका. हे ठरवणं तुमचं चुकलंच.

"बाबांचा फोटो माझ्या घरी आहे," मी म्हटलं. "तिथेच राहील."

"मग माझ्या आईचा माझ्या घरी," नितीन म्हणाला.

त्या क्षणी मी आणि त्याने पहिल्यांदा एकमेकांकडे बघितलं. आयुष्यात एकच गोष्ट आम्हाला दोघांना पटली होती आणि ती तुमच्या विरुद्ध होती. तुम्ही अर्ध्या जेवणातून हात धुतलात आणि बाहेर गेलात. कुणी हाक मारली नाही.

मग भांडी उचलताना मी ईराला हाक मारली. ओ नाही. खोलीत नाही, झोपाळ्यावर नाही. विहिरीला जाळी होती, तरी मी आत वाकून बघितलं. महेश रस्त्याकडे धावला. तुमच्याबरोबर असेल म्हणून तुम्हाला फोन लावला, तर तो पाटाखाली वाजत होता.

मी आणि नितीन समुद्राकडे निघालो. दुपारची वेळ, वाळूवर माणूस नाही. पाणी चढत होतं. मी पाण्याच्या कडेने धावायला लागले तर तो म्हणाला, "तुम्ही वरून चला. पाण्याच्या बाजूने मी बघतो."

"तुमच्या वडिलांना पोहता येतं?"

"येतं." मग जरा थांबून, "पूर्वी यायचं."

त्याने "बाबा!" अशी हाक मारली ती मला अजून ऐकू येते. मघाशी दारात उभा राहून बोलत होता त्या आवाजाचा आणि या आवाजाचा काही संबंध नव्हता. सुरूखाली एक भेळवाला पाटी लावत होता. त्याने हात केला, "म्हातारा आनि पोरगी ना? किल्ल्याकडं गेली."

किल्ल्याच्या आत शिरलो आणि मान वर केली तर तुम्ही तटावर होतात. ईरा कठड्यावर उभी. तुमचा एक हात तिच्या कमरेला, दुसरा लांब समुद्राकडे. तुम्ही तिला काहीतरी दाखवत होतात आणि ती टाचा उंचावून बघत होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात नितीनने माझा दंड घट्ट धरला.

"ओरडू नका. दोघं दचकतील."

आम्ही पायऱ्या चढलो. तो पुढे, मी मागे. पायाखालची खडी वाजू नये म्हणून मी चपला हातात घेतल्या होत्या. वर पोहोचल्यावर त्याने अगदी रोजच्या आवाजात म्हटलं, "ईरा, काय दिसतंय गं?" आणि ती वळायच्या आत तिला उचलून खाली घेतलं. मग मी ओरडले. किल्ल्यातली पाखरं उडाली असतील.

"धरली होती मी," तुम्ही म्हणालात. "भरती लागली म्हनून खाली नाय नेली. होड्या दाखवत होतो."

"विचारून न्यायचं ना! कोण तुम्ही तिचे?"

"तेच ठरवायला आनलं ना मी सगळ्यांना."

"बाबा," नितीन म्हणाला, "त्या बरोबर बोलतायत."

तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. तिथल्या दगडावर बसलात. "जेवताना पन तुमी दोघं एका बाजूला. आता पन एका बाजूला," तुम्ही म्हणालात आणि हसायला लागलात. खरंखुरं, खांदे हलवून. आम्ही दोघंही हसलो नाही. ईरा तेवढी हसली, तिला कळलं काहीच नव्हतं.

मला अजूनही वाटतं, मी बरोबर होते. मूल विचारून न्यायचं असतं. तुम्ही त्यानंतर वर्षभर हा विषय काढून मला चिडवायचात, "ईराला गच्चीवर नेऊ का, परवानगी हाय?" म्हणायचात, पण चुकलं असं काही म्हणाला नाहीत. मीही सोडलं नाही. ते भांडण तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात आणि आता त्याचा निकाल लागायचा नाही.

वाडीवर परत आलो तर आई ओट्यावर बसली होती. ती शोधायला आली नव्हती. तिचे गुडघे धरतात. तिने ईराला मांडीवर घेतलं, तिचे केस नीट केले आणि मग आम्हा दोघांना, मला आणि नितीनला, म्हणाली, "बसा."

आम्ही बसलो.

"भिंत माझी आणि ह्यांची आहे. तिच्यावर काय लावायचं ते ठरवायला ह्यांनी मला विचारलं नाही, ते मी ह्यांच्याशी बघीन. पण तुम्ही दोघांनी ठरवायचं नाही." मग नितीनकडे वळून, "तुझ्या आईला कपाटात ठेवून मी त्या घरात राहणार नाही. तुला फोटो न्यायचा असेल तर ने, मी अडवत नाही. पण नाही नेलास तर ती हॉलमध्ये असेल, चांगल्या जागी. आणि अर्चना, तुझ्या बाबांचं तू बघ. मी त्यांना तुझ्याकडे दिलं ते मला लाज वाटली म्हणून. आता वाटत नाही."

नितीनने हेल्मेट उचललं. फोटो मागितला नाही. "येतो," असं कुणाला तरी म्हणाला आणि गेला. मोटारसायकलचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत तुम्ही फाटकात उभे होतात.

रविवारी सकाळी ऊन कोवळं होतं आणि आईने साडी वर खोचून गुडघ्यापर्यंत पाण्यात पाय घातले. इतकी वर्षं बोईसरच्या बाजूला राहून ती समुद्रात कधी उतरली नव्हती. बाबांना सुट्टी मिळाली की ते झोपायचे, त्यांची पाळीच तशी असायची. तुम्ही तिच्या शेजारी उभे होतात. लाट आली की ती डगमगायची आणि तुमचा हात पुढे व्हायचा आणि परत मागे जायचा, कारण मी बघत होते. तेव्हा मी वळले आणि पाठ करून ईराबरोबर वाळूत शंख शोधत बसले. बराच वेळ. आईचं हसणं ऐकू आलं तरी वळले नाही. ते मी मुद्दाम केलं होतं. तुम्हाला कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही.

नव्या घरातलं वर्ष बरं गेलं. मी महिन्याभराने बाबांचा फोटो आणून दिला, तुम्ही खिळा ठोकलात, वाकडा. आईने तो परत सरळ ठोकायला लावला. नितीन सणावाराला यायचा, अर्धा तास बसायचा, तुमच्याशी बोलायचा, आईने दिलेला चहा प्यायचा. मला पूर्वी रोज रात्री आईला फोन करावा लागायचा, जेवलीस का म्हणून. या वर्षात कितीतरी दिवस मी फोन करायला विसरले. काका, तुमचे आभार मानायचे तर मी एवढंच म्हणेन. तुमच्यामुळे मला विसरता आलं.

आणि मग ती सकाळ. तुम्ही दाढी करता करता खुर्चीत बसलात, छातीत जड वाटतंय म्हणालात, आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही राहिला नाहीत. आईने पहिला फोन नितीनला केला, मला नंतर. मला राग आला होता. इतकं झालं असताना कुणाला आधी कळवलं याचा राग येतो, हे मला माहीत नव्हतं.

तर परवाचं.

शनिवारी मी सकाळपासून पालघरला होते. महेशला येऊ दिलं नाही, उगाच मवाळ बोलतो. बॅग मी पुन्हा खाली काढून दाराजवळ ठेवली होती आणि या वेळी आईने ती उचलली नाही, बहुतेक कंटाळली होती. कंपनीतल्या एका बाईकडून मी सगळं विचारून घेतलं होतं, बायकोचा हक्क, वारस, काय काय. रात्रभर मनात वाक्यं जुळवली होती.

नितीन एकटाच आला. चपला काढताना त्याचं बॅगेकडे लक्ष गेलं.

"कुठे निघालात?"

"मी कुठेच नाही," आई म्हणाली. "ही काढतेय मला बाहेर."

तो खुर्चीत बसला. तुमच्या नाही, बाजूच्या. "घराचं बोलायचं होतं," म्हणाला आणि मी सुरू झाले. आईचा कायद्याने हक्क आहे, तिला कुणी हात धरून बाहेर काढू शकत नाही, तुमच्या भावकीला सांगा. माझा आवाज चढत गेला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, दोन मिनिटं."

मी समोर टेकले.

"मला सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला होता. पुढच्या रविवारी मीटिंग आहे, पाण्याच्या टाकीचं भांडण चाललंय. बाबा जायचे. आता मी जायचं का यांनी जायचं, तेवढं विचारायला आलो."

"एवढंच?"

"एवढंच नाय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "गाळा मला न विचारता विकला, त्याचा राग आहे मला. बाबा गेले म्हणून तो गेला नाय. आजोबांनी सुरू केलेलं दुकान होतं ते. पण घर यांचं आहे हे बाबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी काय यांना रस्त्यावर काढणार होतो? तुम्हाला तसं वाटलं?"

"सफाळ्याला ती बाई बोलली तेव्हा तुम्ही गप्प होतात," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. "होतो." त्याने सबब सांगितली असती तर मी भांडले असते.

आईच बोलली. "मीटिंगला मी जाईन. टाकीचं मला माहितीये. तुझे बाबा त्यात चुकीचं बोलत होते, मी त्यांना सांगून थकले होते."

काका, तुमचा मुलगा त्यावर हसला. मग रडला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आईने त्याला जेवायला वाढलं. मी बॅग माळ्यावर टाकली.

निघाला तेव्हा मीही त्याच्याबरोबर उतरले, मला गाडी गाठायची होती. खाली मोटारसायकलजवळ तो किल्ली बोटात फिरवत उभा राहिला.

"ताई, एक विचारू? मी यांना काय म्हणू?"

"म्हणजे?"

"हाक काय मारू? वर्षभर काहीच नाय म्हटलं. समोर आल्या की बोलायचं, नायतर नाय. फोनवर नुसतं हॅलो. आता बाबा मध्ये नायत. काहीतरी म्हणावं तर लागेल."

माझ्याकडे उत्तरं होती. तीनचार तरी होती. ओठांवर आली होती.

"मला नका विचारू," मी म्हटलं. "वर जाऊन तिलाच विचारा."

त्याने जिन्याकडे बघितलं. किल्ली खिशात टाकली आणि वर गेला. मी खाली उभी होते. बेल वाजली. आईने आतून विचारलं, "कोण?"

"मी. नितीन."

कडी निघाल्याचा आवाज आला. पुढे काय बोलले मला माहीत नाही, काका. मी रिक्षाला हात केला आणि स्टेशनला गेले.